रोग गेला, पुढे काय?

दि. १० नोव्हेंबर २०१४ रोजी एक २६ वर्षांचा भारतीय तरुण दिल्लीच्या विमानतळावर उतरला. तो आफ्रिकेतील लायबेरिया या देशातून आला होता. तेथे त्या वेळी इबोला नावाच्या भयंकर रोगाची साथ चालू होती. या तरुणालाही तो रोग झाला होता. मात्र उपचारांनी तो बरा झाला होता आणि तसे प्रमाणपत्रही त्याच्याजवळ होते. त्याला ताप नव्हता, की रोगाचे दुसरे कोणतेही लक्षण नव्हते. रक्त तपासले, त्यात विषाणू सापडला नाही. तरीसुद्धा त्याला घरी न सोडता विमानतळावरील आरोग्यकेंद्रात वेगळे ठेवण्यात आले. कारण त्याच्या वीर्याच्या तपासणीत इबोलाच्या विषाणूचा अंश आढळला होता.

आता सांगा पाहू, हा तरुण बरा झाला होता, की नव्हता? प्रमाणपत्र खोटे होते काय? रक्ताची तपासणी चुकली होती काय? यांपैकी काहीही चुकीचे नव्हते. तो बरा झाला होता, हे खरे. त्याच्या रक्तात विषाणू नव्हता, हेही खरे. आणि त्याच्या शरीरात विषाणूचा अंश उरला होता, हे तितकेच खरे! ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात? याचे उत्तर शोधताना साथीच्या रोगातून वाचलेल्या माणसांचे पुढचे आयुष्य कसे असते, हेही आपल्याला कळेल.

रोगाची ओळख

इबोलाचा विषाणू शास्त्रज्ञांना प्रथम १९७६ साली आढळला. आज दक्षिण सुदान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात आणि त्या वेळच्या झाईरमध्ये (म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात) एकाच वर्षी दोन साथी उद्‌भवल्या. झाईरमधील यांबुकू या गावी ३१८ जणांना रोग झाला व त्यांतील २८० दगावले. त्या भागातील एका नदीवरून रोगाला ‘इबोला’ हे नाव मिळाले. हा रोग हवेतून पसरत नाही. रोग्याचे रक्त, उलटी, जुलाब, घाम अशा द्रवांचा प्रत्यक्ष स्पर्श झाला, तर तो होतो. म्हणूनच रोग्याची शुश्रूषा करणारी आई, पत्नी, परिचारिका आणि प्रेताला आंघोळ घालणारे नातलग यांना त्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

यानंतरच्या साथी लहान होत्या. परंतु डिसेंबर २०१३ मध्ये गिनी देशातील एका खेड्यात सुरू झालेली साथ लायबेरिया व सिएरा लिओन या शेजारच्या देशांत पसरली आणि २०१६ पर्यंत टिकली. तिच्यात २८,६०० हून अधिक लोक आजारी पडले व ११,३०० हून अधिक मरण पावले. आपण वृत्तपत्रात मृतांचा आकडा वाचतो आणि पान उलटतो. पण या साथीने मागे ठेवलेले दहा हजारांहून कितीतरी अधिक जिवंत लोक होते. त्यांचे पुढे काय झाले?

रक्तात नाही, म्हणजे कोठेच नाही?

रोग्याची लक्षणे गेली आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की त्याला उपचारकेंद्रातून घरी सोडत. बाहेर पडताना क्लोरीनच्या पाण्याने स्नान, मग नवे कपडे. कारण जुने जाळून टाकावे लागत. लायबेरियाच्या मन्रोव्हिया या राजधानीतील एका मोठ्या केंद्रात बरे झालेले लोक रंगात हात बुडवून भिंतीवर पंजाचा ठसा उमटवीत. ज्यांना काही दिवस कोणी उघड्या हाताने शिवलेही नव्हते, त्यांच्या हातांचे ते ठसे!

रक्तातील विषाणू शोधण्याची पद्धत मोठी मजेदार आहे. तिला ‘पीसीआर’ म्हणतात. इबोला विषाणूची सर्व माहिती आर.एन.ए. नावाच्या रेणूत सुमारे १९,००० अक्षरांत लिहिलेली असते. या लिखाणाचा एक ठरावीक तुकडा घेऊन त्याची नक्कल करायची; एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा वेळा दुप्पट केल्यास एकाचे १,०२४ होतात. तीस वेळा दुप्पट केल्यास किती होतील? वहीवर करून पाहा. उत्तर १०७ कोटींच्या वर येते! म्हणून नमुन्यात मोजके तुकडे असले, तरी ते पकडता येतात.

परंतु कितीही सूक्ष्म यंत्र असले, तरी ते हाती दिलेल्या नमुन्याबद्दलच बोलते. आपण रक्त दिले, तर ते रक्ताबद्दल सांगेल. विहिरीचे पाणी तपासून घरातल्या रांजणाचे पाणी शुद्ध आहे, असे म्हणता येईल काय? शरीरातही असे काही रांजण आहेत.

शरीरातील बंद खोल्या

शरीरात विषाणू शिरला, की रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. या लढाईत दाह होतो. म्हणजे ती जागा सुजते, लाल होते, दुखते. हातापायाला सूज आली, तर ती चार दिवसांत उतरते व फारसे बिघडत नाही. पण डोळ्याच्या आत असाच दाह झाला तर? प्रकाशाला वाट देणारे पारदर्शक भाग गढूळ होतील आणि दृष्टी जाईल. मेंदूत झाला, तर चेतापेशी मरतील व त्या सहसा परत निर्माण होत नाहीत. म्हणून डोळा, मेंदू आणि पुरुषांचे वृषण अशा नाजूक अवयवांत निसर्गाने लढाई सौम्य ठेवण्याची व्यवस्था केली आहे. रक्त आणि या अवयवांच्या मध्ये पेशींची घट्ट तटबंदी असते. तीमधून पांढऱ्या पेशी व प्रतिपिंडे सहजासहजी आत जात नाहीत.

ही व्यवस्था एरवी हिताची. पण आजार जोरात असताना विषाणू या खोल्यांत शिरला, तर त्याला आयताच आसरा मिळतो. बाहेर रक्तातून त्याचे उच्चाटन होते, आत मात्र तो टिकून राहतो.

डॉ. इयन क्रोझियर या अमेरिकन डॉक्टरांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सिएरा लिओनमध्ये रुग्णसेवा करताना सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांना इबोला झाला. अमेरिकेतील अटलांटा येथे उपचार होऊन ऑक्टोबरमध्ये ते बरे झाले. दोन महिने उलटतात न उलटतात, तोच त्यांचा डावा डोळा दुखू लागला व दृष्टी अंधूक झाली. डॉक्टरांनी सुईने डोळ्याच्या पुढच्या भागातील पाण्यासारखा द्रव काढून तपासला. त्यात इबोलाचा जिवंत विषाणू होता! त्यांच्या बुबुळाचा निळा रंगही हिरवा झाला होता. पुढे औषधोपचारांनी त्यांची दृष्टी परत आली. यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याच वेळी तपासलेल्या त्यांच्या अश्रूंत विषाणू नव्हता. विषाणू खोलीच्या आत होता, दाराबाहेर नव्हता. म्हणून त्यांच्याशी हात मिळवणाऱ्याला किंवा शेजारी बसणाऱ्याला काहीच धोका नव्हता.

पॉलिन कॅफर्की या स्कॉटिश परिचारिकेच्या बाबतीत ही खोली मेंदूची निघाली. जानेवारी २०१५ मध्ये त्या बऱ्या होऊन घरी गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये मेंदूच्या आवरणाला सूज येऊन पुन्हा अत्यवस्थ झाल्या. मेंदूभोवतीच्या द्रवात विषाणू सापडला. त्या यातूनही वाचल्या, आणि २०१९ साली त्यांनी जुळ्या मुलांना जन्म दिला. इबोलातून वाचलेल्या स्त्रीला आई होता येते, हे त्यावरून जगाने पाहिले.

आलेख काढून पाहा

आता दिल्लीच्या विमानतळावरील कोड्याचा उलगडा झाला असेल. पुरुषांमध्ये ही बंद खोली म्हणजे वृषण. स्त्रियांच्या बाबतीत अंगावरच्या दुधात विषाणूचा अंश काही काळ आढळला आहे, म्हणून बाळाला पाजणाऱ्या मातेच्या दुधाची तपासणी करावी लागते. आजारपणात स्त्री गरोदर असेल, तर गर्भाभोवतीच्या पाण्यातही तो राहू शकतो.

वृषणात विषाणू किती काळ राहतो? सिएरा लिओनमध्ये रोगातून वाचलेल्या २२० पुरुषांची पाहणी झाली. तिच्यातील आकडे पुढीलप्रमाणे आहेत. उपचारकेंद्रातून घरी सोडल्यापासून तीन महिन्यांपर्यंत तपासलेल्या सर्वांच्या, म्हणजे शेकडा १०० जणांच्या वीर्यात विषाणूचे आर.एन.ए. सापडले. ४ ते ६ महिन्यांनी शेकडा ६२, ७ ते ९ महिन्यांनी शेकडा २५, १० ते १२ महिन्यांनी शेकडा १५, १३ ते १५ महिन्यांनी शेकडा ११ आणि १६ ते १८ महिन्यांनी शेकडा ४ जणांत ते आढळले.

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर टक्के घेऊन हे बिंदू मांडा. वक्ररेषा आधी झपाट्याने खाली येते, मग हळूहळू सपाट होत जाते. भौतिकीच्या पुस्तकातील किरणोत्सर्गी ऱ्हासाच्या आलेखाशी तिचे साम्य तुमच्या लक्षात येईल. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पहिली : शेवटचा ‘शेकडा ४’ हा आकडा २५ जणांपैकी एकावरून काढलेला आहे, तेव्हा तो ढोबळच मानावा. दुसरी : आर.एन.ए.चा तुकडा सापडणे म्हणजे जिवंत विषाणू सापडणे नव्हे. घर पडल्यावरही विटा शिल्लक राहतातच.

या आकड्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेने व्यवहाराचा सोपा नियम सांगितला. वाचलेल्या पुरुषांनी तीन महिन्यांनंतर दरमहा तपासणी करून घ्यावी. लागोपाठ दोन तपासण्यांत काही न आढळल्यास काळजी संपली. तोवर निरोध वापरावा. तपासणीची सोय नसेल, तर निदान बारा महिने ही काळजी घ्यावी.

आलेखाची शेपटी

वक्ररेषा सपाट झाली, तरी ती शून्याला टेकली असे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गिनीत इबोलाची नवी साथ निघाली. २३ जणांना रोग झाला व १२ जण दगावले. जूनमध्ये ती आटोक्यात आली. सर्वांना वाटले, की पुन्हा एखाद्या वन्य प्राण्यापासून विषाणू माणसात आला असावा. शास्त्रज्ञांनी या विषाणूच्या आर.एन.ए.मधील अक्षरे वाचली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले.

विषाणूची नक्कल होताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते. माणसामागून माणसात तो पसरत राहिला, तर या चुका जवळजवळ ठरावीक गतीने साचत जातात. म्हणजे त्या चुका हे एक घड्याळच आहे! २०२१ मधील विषाणू २०१४ मधील विषाणूशी ताडून पाहिला, तेव्हा इतक्या वर्षांत जितके बदल व्हायला हवे होते, त्याच्या मानाने फारच थोडे बदल आढळले. घड्याळ मध्यंतरी जवळजवळ थांबलेले होते. याचा अर्थ मधल्या काळात विषाणू पसरत नव्हता. आधीच्या साथीत वाचलेल्या एखाद्या व्यक्तीच्या शरीरात तो निद्रिस्त होता.

हे वाचून घाबरू नका. हजारो लोक वाचले, आणि इतक्या वर्षांनी असे घडल्याचे उदाहरण अत्यंत विरळ आहे. शिवाय या रोगावर लस उपलब्ध आहे, आणि २०२१ ची साथ आटोक्यात आणताना ती वापरली गेली. पण आलेखाची शेपटी विसरून चालत नाही, एवढा धडा शास्त्रज्ञांनी घेतला. वाचलेल्यांची तपासणी आणि काळजी साथ संपल्यावरही चालू राहिली पाहिजे, हा तो धडा.

शरीराच्या तक्रारी

देवीच्या रोगातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जन्मभर वण राहत, काहींचे डोळेही जात, हे तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकले असेल. इबोलाचे वण बाहेरून दिसत नाहीत. पण सांधे दुखणे, थकवा, डोके दुखणे, विसराळूपणा अशा तक्रारी वाचलेले लोक सांगू लागले. आता कोणी म्हणेल, सांधे तर पुष्कळांचे दुखतात. त्याचा इबोलाशी संबंध कशावरून?

शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर देण्याची शास्त्रीय रीत म्हणजे तुलना. लायबेरियात ९६६ वाचलेल्या लोकांबरोबर त्यांच्याच सहवासातील, पण रोग न झालेल्या २,३५० लोकांची तपासणी करण्यात आली. सांधेदुखी वाचलेल्यांत शेकडा ४७ हून अधिक, तर इतरांत शेकडा १७ च्या आसपास आढळली. स्मृती कमी झाल्याची तक्रार वाचलेल्यांत शेकडा २९, इतरांत शेकडा ५. डोळ्याच्या आतील दाह वाचलेल्यांत शेकडा २६, इतरांत शेकडा १२. एकाच प्रकारची हवा, पाणी व अन्न असताना एवढा फरक पडतो, तेव्हा तो रोगाचाच परिणाम म्हणावा लागतो.

गिनीत घरी सोडलेल्या १,१३० जणांची चौकशी करता, पहिल्या वर्षात त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे पाचपट असल्याचे आढळले. यांतील बऱ्याच मृत्यूंमागे मूत्रपिंडे निकामी होणे हे कारण असावे, असे दिसते. यावरून काय ते समजा : प्रमाणपत्र हाती देऊन रोग्याला निरोप देणे पुरेसे नाही.

डोळ्यांच्या दाहामुळे पुष्कळांना तरुणपणीच मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया सोपी होती. पण डोळ्यात विषाणू असेल, तर शस्त्रक्रिया करणाऱ्याला धोका. मग सिएरा लिओनमध्ये ५० जणांच्या डोळ्यांतील द्रव आधी तपासला गेला. एकातही विषाणू सापडला नाही, आणि शस्त्रक्रियांचा मार्ग मोकळा झाला. पाहा, नुसत्या भीतीने ही माणसे आंधळी राहिली असती. तपासणीने त्यांना दृष्टी दिली.

भीतीची किंमत

विषाणूपेक्षाही जास्त काळ टिकणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे लोकांची भीती. पुष्कळांना घरमालकांनी घर सोडायला लावले. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या हातचा माल बाजारात कोणी घेईना. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही, अथवा सांभाळणारे माणूस गमावलेल्या मुलांची संख्या १६,००० च्या वर होती. त्यांनाही घरात घ्यायला काही नातलग कचरत.

सलोमी कारवा ही लायबेरियातील तरुणी. २०१४ मध्ये तिचे आई-वडील इबोलाने गेले; ती वाचली. ज्या केंद्रात ती बरी झाली, तेथेच ती रोग्यांची सेवा करू लागली. ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्या वर्षीच्या सन्माननीय व्यक्ती म्हणून इबोलाशी झुंजणाऱ्यांची निवड केली. त्यांत ती होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेने तिची प्रसूती झाली. घरी आल्यावर तिला झटके येऊ लागले, म्हणून तिला पुन्हा इस्पितळात नेले. ती इबोलातून वाचलेली आहे, म्हणून तेथील कर्मचारी तिला हात लावायला धजावले नाहीत, असे तिच्या पतीने व बहिणीने सांगितले. ती मरण पावली. रोग जाऊन तेव्हा सुमारे अडीच वर्षे झाली होती.

येथे थोडे थांबून विचार करा. ‘वाचलेल्यांपासून काहीही धोका नाही’ असे सरसकट म्हणणे शास्त्राला धरून नाही, हे आपण आलेखावरून पाहिले. पण ‘वाचलेल्यांना शिवू नका’ असे सरसकट म्हणणे त्याहून चुकीचे आहे. विषाणू कोठे उरतो, किती काळ उरतो आणि कशातून पसरतो, हे नेमके ठाऊक असेल, तर काळजी तेवढ्याच जागी घेता येते आणि बाकीच्या साऱ्या व्यवहारात त्या माणसाला जवळ करता येते. ठाऊक नसेल, तर संपूर्ण माणूसच धोक्याचा वाटू लागतो.

वाचलेल्यांचे देणे

रोगातून वाचलेल्याच्या रक्तात त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे अनेक वर्षे राहतात. १९९५ साली काँगोमधील किक्विट शहरातील साथीतून एक माणूस वाचला होता. अकरा वर्षांनी त्याचे रक्त घेऊन त्यातील पेशींपासून शास्त्रज्ञांनी एक प्रतिपिंड वेगळे काढले आणि त्याचे औषध बनवले. १९७६ साली यांबुकूच्या साथीतही काम केलेले डॉ. झाँ-झाक मुयेंबे हे काँगोचे शास्त्रज्ञ या प्रयत्नात अग्रभागी होते. २०१८-१९ मध्ये काँगोत त्याची चाचणी झाली. तुलनेसाठी घेतलेल्या औषधाच्या गटात १०० पैकी सुमारे ५० रोगी दगावले, तर या औषधाच्या गटात सुमारे ३५. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

त्याच साथीत काँगोतील बेनी शहरात आणखी एक प्रश्न उभा राहिला. आई उपचारकेंद्रात, मग तिच्या तान्ह्या बाळाला सांभाळायचे कोणी? बाळालाही रोगाची लागण झाली आहे की नाही, हे कळायला एकवीस दिवस लागतात. इतरांना नखशिखान्त पोशाख चढवावा लागे, आणि तसल्या अंगाला बाळ कसे बिलगणार? म्हणून युनिसेफने बालसंगोपनाची केंद्रे काढून इबोलातून वाचलेल्या स्त्री-पुरुषांना तेथे नेमले. त्यांच्या शरीराने हा विषाणू एकदा जिंकलेला असल्यामुळे त्यांना तो पुन्हा होण्याचे भय नव्हते. ते बाळांना मांडीवर घेत, भरवीत आणि अंगाईगीते म्हणून निजवीत.

ज्यांच्या जवळ जायला गाव भीत होते, त्याच माणसांच्या हाती आयांनी आपली तान्ही बाळे सोपवली. पुढे कधी तुमच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी मोठ्या आजारातून उठून परत आली, तर काय कराल? डॉक्टरांनी कोणती काळजी सांगितली आहे, ते विचारा. तेवढी नेमकी पाळा. आणि तिला आपल्या बाकावर शेजारी जागा करून द्या.